तुटलेल्या काचेतून येणारा प्रकाश

अभ्यासपाठ : ख्रिस्ती कला आणि आपली श्रद्धा



रंगीत काचांची खिडकी भर दुपारी चर्चच्या बाहेर उभे राहून पाहिली तर काय दिसते? काळपट काच, शिशाच्या वेड्यावाकड्या रेषा आणि वर साचलेली धूळ. यात पाहण्यासारखे काय आहे, असेच कोणालाही वाटेल. तीच खिडकी आत येऊन, बाकावर बसून पाहिली की निळा, लाल, हिरवा, सोनेरी असे रंग उजळतात आणि त्यांतून एखादा संत, शुभवर्तमानातील एखादा प्रसंग आपल्यासमोर उभा राहतो. खिडकी तीच, काच तीच, ऊनही तेच. फरक असतो तो आपण कुठे उभे आहोत याचा. श्रद्धेचेही तसेच आहे. बाहेरून चौकशी करणाऱ्याला ती नियमांची आणि रूढींची काळी जाळी वाटते. आत येऊन गुडघे टेकणाऱ्याला तिचे रंग दिसतात.

काचेची ही उपमा ख्रिस्तसभेला फार जुन्या काळापासून परिचित आहे. मध्ययुगातील धर्मोपदेशक पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शिकवताना सांगत की, सूर्यकिरण जसा काच न फोडता आरपार येतो, तसा देवपुत्र मरियेच्या उदरी आला. तो काळ रंगीत काचांच्या खिडक्यांचाच होता. शिकवण देणाऱ्याला उदाहरणासाठी लांब जावे लागत नसे, समोरच्या खिडकीकडे बोट दाखवले की पुरे.

आजच्या पाठात आपण अशा खिडक्या घडवण्यात सारे आयुष्य घालवलेल्या एका कारागिराची ओळख करून घेणार आहोत. त्यांचे नाव गाब्रिएल ल्वार. ते फ्रान्सचे. बर्लिन, सॉल्झबरी, केप टाऊन अशा दूरदूरच्या शहरांत त्यांच्या खिडक्या आहेत, पण त्या घडल्या एका गावातील कार्यशाळेत.

१. गव्हाच्या शेतांमधले कॅथेड्रल

ल्वार यांचा जन्म १९०४ साली पश्चिम फ्रान्समधील पुआंसे या लहान गावी झाला. आंजे शहरात त्यांचे शिक्षण झाले. १९२६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते शार्त्र येथे आले आणि लोरँ यांच्या काचकामाच्या कार्यशाळेत रुजू झाले. तेथे दहा वर्षे राहून त्यांनी ही कला हातात मुरवली.

शार्त्र हे गाव का महत्त्वाचे, हे थोडे समजून घ्यायला हवे. पॅरिसच्या नैऋत्येला सुमारे ९० किलोमीटरवर बोस नावाचा सपाट प्रदेश आहे. नजर जाईल तिथवर गव्हाची शेते. त्या शेतांच्या पलीकडे, मैलोगणती अंतरावरून, शार्त्रच्या कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसू लागतात. पवित्र मरियेला वाहिलेले हे मंदिर १९९४ साली नव्हे, तर त्याच्याही आठशे वर्षे आधी, म्हणजे ११९४ साली, आगीत जळाले. लोकांनी ते पुन्हा उभारले आणि त्यात खिडक्या बसवल्या. आज तेथे १७६ खिडक्या आहेत आणि त्यांतील बहुसंख्य तेराव्या शतकातील आहेत. त्यांचा निळा रंग जगात 'शार्त्रचा निळा' म्हणून ओळखला जातो. या खिडक्यांच्या खालच्या चौकटींत रोटी भाजणारे, चांभार, सुतार, खाटीक, पाणी वाहणारे असे साधे कामकरी लोक दिसतात. वर संत, खाली श्रमिक, आणि दोघांवर एकच ऊन.

या मंदिराकडे जाणारी यात्राही प्रसिद्ध आहे. कवी शार्ल पेगी १९१२ साली आजारी मुलासाठी नवस बोलून पॅरिसहून शार्त्रला पायी चालत गेले. त्यांच्या मागून पुढे विद्यार्थ्यांची पदयात्रा सुरू झाली.

दुसरे महायुद्ध तोंडावर आले तेव्हा, १९३९ साली, खिडक्यांच्या काचा उतरवून सुरक्षित जागी नेण्यात आल्या. पण इमारत तिथेच होती. ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य शार्त्रला पोचले. कॅथेड्रलच्या मनोऱ्यात जर्मन निरीक्षक दडले असावेत या संशयावरून त्यावर तोफा डागण्याचा विचार चालू होता. तेव्हा वेलबॉर्न ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन कर्नलांनी स्वतः जाऊन पाहण्याची तयारी दाखवली. ते आत गेले, मनोरा चढले, आत शत्रू नाही याची खात्री केली आणि तसा संदेश दिला. कॅथेड्रल वाचले. त्याच दिवशी, १६ ऑगस्टला, शार्त्रला लागून असलेल्या लेव या गावी चकमकीत ग्रिफिथ मारले गेले.

दोन वर्षांनी, १९४६ साली, त्याच लेव गावात गाब्रिएल ल्वार यांनी स्वतःची कार्यशाळा उघडली. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. युद्धात ठिकठिकाणच्या चर्चच्या खिडक्या फुटून गेल्या होत्या. चौकटी रिकाम्या होत्या. काम पुष्कळ होते. त्या जागेचे नाव 'ला क्लार्ते'. फ्रेंच भाषेत याचा अर्थ होतो उजळपणा, स्वच्छ प्रकाश.

२. खिडकी कशी घडते

काचेचे हे काम मुळात कसे चालते ते पाहू. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या एका मठवासी कारागिराने ते सविस्तर लिहून ठेवले आहे. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची राख दोन भाग आणि धुतलेली वाळू एक भाग, हे मिश्रण भट्टीत वितळवले की काच होते. म्हणजे जळून गेलेल्या लाकडाची राख आणि पायाखालची वाळू! वितळलेल्या काचेत धातूची भस्मे मिसळली की तिला रंग चढतो. कोबाल्टमुळे निळा, लोहामुळे हिरवट, मँगनीजमुळे जांभळा, तांब्यामुळे किंवा सोन्यामुळे लाल. हा रंग काचेवर फासलेला नसतो, काचेच्या अंगातच भिनलेला असतो. म्हणून आठशे वर्षांचे ऊन खाऊनही तो विटत नाही.

पुढची रीत आजही फारशी बदललेली नाही. कलावंत आधी लहान आकाराचे रंगीत चित्र काढतो. मग ते खिडकीएवढे मोठे करून कागदावर उतरवले जाते. प्रत्येक तुकड्याचा कागदी साचा कापतात. त्यासाठी तीन पात्यांची खास कात्री असते. दोन तुकड्यांच्या मध्ये शिशाची पट्टी बसायची असते, तेवढीच जागा ही कात्री कापून काढते. त्या साच्याप्रमाणे काच कापायची, चेहरे, हात, वस्त्रांच्या चुण्या गडद रंगाने रंगवायच्या, तो रंग पक्का व्हावा म्हणून काच पुन्हा भट्टीत भाजायची, तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांध्यांना डाख द्यायचा आणि फटींत पुट्टी भरायची. एवढे झाले की खिडकी उभी राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शिशाची काळी रेषा ही त्या चित्राची उणीव नव्हे. ती नसेल तर तुकडे सुटे पडतील आणि रंग एकमेकांत मिसळून डोळ्यांना काही उमगणार नाही. आपल्या कुटुंबांत, आपल्या धर्मग्रामातही अशा काही काळ्या रेषा असतात. वेळेवर उठणे, शब्द पाळणे, ठरलेल्या दिवशी उपवास करणे, नको वाटले तरी क्षमा मागणे. त्या रेषा कोणाला आवडत नाहीत, पण घर त्यांनीच धरून ठेवलेले असते.

३. हातोडीचा घाव

ल्वार यांनी जुन्या रीतीची कामेही केली, पण त्यांचे नाव झाले ते एका नव्या रीतीमुळे. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ही रीत पुढे आली. तीत पातळ काचेऐवजी काचेच्या जाड लाद्या वापरतात. लादी साधारण दोन ते तीन सेंटीमीटर जाड असते. एवढी जाड काच हिरकणीने ओरखडा ओढून सरळ कापता येत नाही. कारागीर लाकडी ठोकळ्यात उभ्या केलेल्या छिन्नीच्या धारेवर ती लादी धरतो आणि खास हातोडीने नेमका घाव घालतो. घाव जरा चुकला तर लादी भलतीकडेच फुटते.

तुकडे झाले की काम संपत नाही. कारागीर त्या तुकड्याच्या कडेवर पुन्हा बारीक टोले मारतो. कडेचे टवके उडतात, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे खोलगट पैलू पडतात. हे कशासाठी? गुळगुळीत काचेतून प्रकाश सरळ निघून जातो. जिथे टवका उडालेला असतो तिथे तो अडतो, वळतो, अनेक दिशांना फाकतो. म्हणून अशा खिडकीत सर्वांत जास्त चमक असते ती कडेला, जिथे घाव बसलेला असतो तिथे.

मग हे तुकडे मोठ्या आकाराच्या आराखड्यावर मांडतात आणि त्यांच्या मधल्या जागेत काँक्रीट ओततात. अलीकडे त्यासाठी इपॉक्सी राळ वापरली जाते. ते घट्ट झाले की काच आणि भिंत एकच होऊन जाते. जुन्या पद्धतीत भिंत उभी करून तिला खिडकी ठेवावी लागे. या पद्धतीत सबंध भिंतच खिडकी होऊ शकते.

४. काल शत्रू होता त्याच्यासाठी

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ.

बर्लिन शहरात कैसर विल्हेल्म यांच्या स्मरणार्थ बांधलेले एक भव्य प्रोटेस्टंट चर्च होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये मित्रराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले. मनोऱ्याचा तुटका खांब तेवढा शिल्लक राहिला. युद्धानंतर एगॉन आयरमान या वास्तुशिल्पकाराने नवे चर्च बांधण्याची योजना आखली. तो भग्न मनोरा पाडून टाकावा असा त्यांचा आधी विचार होता. बर्लिनच्या लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. शेवटी मनोरा तसाच ठेवून त्याच्या शेजारी नवे अष्टकोनी चर्च उभे राहिले.

नव्या चर्चच्या भिंती काँक्रीटच्या चौकोनी जाळीच्या आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, आणि त्या जाळीत काचा बसवल्या आहेत. वीस हजारांहून अधिक! या काचा घडवण्याचे काम आयरमान यांनी शार्त्रच्या गाब्रिएल ल्वार यांना दिले.

थोडा विचार करा. १९४० ते १९४४ अशी चार वर्षे जर्मन सैन्याने फ्रान्सवर ताबा ठेवला होता. घराघरांत त्याच्या आठवणी होत्या. युद्ध संपून पंधरा वर्षेही झाली नव्हती. आणि एका फ्रेंच कारागिराने जर्मनीच्या जुन्या राजधानीतील चर्चसाठी हजारो काचा फोडल्या, एकेका तुकड्याची कड टवकली आणि त्यांतून शार्त्रचा निळा रंग बर्लिनला पाठवला. ज्या गावात चकमकी झाल्या होत्या, त्याच गावातून प्रार्थनेचा प्रकाश पलीकडे गेला.

१७ डिसेंबर १९६१ रोजी त्या चर्चचे समर्पण झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिन शहराच्या छातीवर भिंत उभी राहू लागली होती. त्या भिंतीने माणसांना माणसांपासून तोडले. आणि त्याच शहरात, अवघ्या चार महिन्यांनी, प्रकाश आत घेणाऱ्या भिंतींचे एक घर उघडले. भिंती दोन प्रकारच्या असतात, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगू शकेल असे वाटत नाही.

या चर्चला दुहेरी भिंत आहे. दोन भिंतींमध्ये सुमारे अडीच मीटरची जागा सोडलेली आहे. त्यामुळे गजबजलेल्या रस्त्याचा आवाज आत येत नाही. त्या मधल्या जागेत दिवे आहेत. रात्री ते लागले की निळा प्रकाश आत तर पडतोच, पण बाहेर रस्त्यावरही दिसतो. दिवसा बाहेरचा प्रकाश आतल्यांसाठी, रात्री आतला प्रकाश बाहेरच्यांसाठी. आपल्या मिस्साबलिदानाचाही क्रम हाच नाही का? आपण घेण्यासाठी आत येतो आणि शेवटी पाठवले जातो. 'मिस्सा' या शब्दातच पाठवणी आहे.

५. फुटणे वेगळे, घडवले जाणे वेगळे

येथे मला एक सावधगिरीचा शब्द सांगायचा आहे. 'देव आपल्याला तोडतो म्हणजे आपल्यातून प्रकाश पडतो' असे वाक्य ऐकायला गोड लागते. पण ते वाटेल तिथे वापरले तर घातक ठरते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, कर्जाने पिचलेल्या माणसाला, तरुण मुलगा गमावलेल्या आईला 'हा देवाचा हातोडा आहे, सोस' असे सांगणे हे सांत्वन नव्हे. तो अन्याय आहे, आणि देवाच्या नावावर केलेला म्हणून दुप्पट अन्याय आहे.

बर्लिनच्या उदाहरणातच याचे उत्तर आहे. १९४३ साली जुन्या चर्चच्या काचा बॉम्बने फुटल्या. त्या फुटण्यातून प्रकाश आला नाही. त्या काचा लोकांच्या पायांत रुतल्या. लेवच्या कार्यशाळेतही काच फुटत होती, पण तिथे फोडणाऱ्याला प्रत्येक तुकडा कुठे बसायचा हे ठाऊक होते. एकही तुकडा त्याने रागाने फोडला नाही. तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर घटना सारखी दिसली तरी हेतू वेगळा असेल तर कृती वेगळी असते. हिंसा वस्तूचा हेतू नष्ट करते, कारागिरी वस्तूला हेतू देते.

मग देव काय करतो? आपली श्रद्धा सांगते की, जगातील बॉम्ब देव टाकत नाही. तो रस्त्यावर पडलेले तुकडे वेचतो. पुनरुत्थित येशूच्या हातांवर आणि कुशीत जखमांच्या खुणा होत्या, हे संत योहान आपल्याला सांगतो. त्या जखमा पित्याने केल्या नव्हत्या, माणसांनी केल्या होत्या. पण पित्याने त्या पुसून टाकल्या नाहीत, त्यांना तेज दिले. थोमाने प्रभूला ओळखले ते त्या खुणांवरून. म्हणून मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा द्या, कर्जबाजाऱ्याला आधी हिशेबात मदत करा, शोक करणाऱ्या आईजवळ आधी गप्प बसा. तुकडा कुठे बसेल हे त्या मोठ्या कारागिराला कळते. आपले काम तुकडे पायदळी जाऊ न देण्याचे.

६. सौंदर्याची तिसरी अट

संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याच्या तीन अटी सांगितल्या आहेत. पहिली पूर्णता, म्हणजे वस्तूत काही उणे नसावे. दुसरी प्रमाणबद्धता, म्हणजे भाग एकमेकांशी जुळलेले असावेत. तिसरी अट त्यांनी लॅटिन भाषेत 'क्लारितास' या शब्दाने सांगितली. उजळपणा, आतून फाकणारे तेज. ल्वार यांच्या कार्यशाळेचे 'ला क्लार्ते' हे नाव याच शब्दाचे फ्रेंच रूप आहे.

पण काचेच्या बाबतीत हे तेज कोणाचे? काचेला स्वतःचा प्रकाश नाही. रात्री दिवे मालवले की शार्त्रचा निळाही काळा होतो. आणि तरीही काच निरुपयोगी नाही. उघड्या खिडकीतून येणारे ऊन सगळीकडे सारखेच असते. काचेतून आलेले ऊन मात्र निळे, तांबडे, हिरवे होऊन जमिनीवर पडते. प्रकाश देवाचा, रंग काचेचा. संतांची हीच व्याख्या आहे. संत फ्रान्सिस झेवियर आणि संत तेरेजा यांच्यात एकच ख्रिस्त प्रकाशला, पण रंग वेगळे. देवाला आपल्या सर्वांच्या जागी एकच साधी, पांढरी काच नको आहे.

काही जण विचारतील, 'फादर, बर्लिनच्या त्या काचांत तर चित्रच नाही. संत नाही, कथा नाही. मग तिला धार्मिक कला कसे म्हणायचे?' प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे की, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. प्रत्येक काळाची, प्रत्येक समाजाची कला तिने आदराने वापरली आहे. कसोटी एवढीच की, ती माणसाचे मन देवाकडे वळवते का. बर्लिनच्या वेदीवर पुनरुत्थित ख्रिस्ताची साडेचार मीटरहून उंच मूर्ती आहे. तिच्याभोवती हजारो निळ्या काचा आहेत, आणि त्या निळाईत मधूनमधून लाल, हिरवे, पिवळे ठिपके. काचांनी कथा सांगितली नाही, त्यांनी शांतता केली. युद्धाचे आवाज ऐकलेल्या माणसांना तीच हवी होती.

७. मासा, बंदिवान आणि मनोरा

ल्वार यांची आणखी काही कामे थोडक्यात पाहू. अमेरिकेतील स्टॅमफर्ड येथे १९५८ साली बांधलेल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चचा आकार माशासारखा आहे. मासा हे आद्य ख्रिस्ती लोकांचे गुप्त चिन्ह होते, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो आहोत. त्या माशाच्या पोटात उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या भिंती वीस हजारांहून अधिक जाड काचांनी उजळलेल्या दिसतात.

इंग्लंडमधील सॉल्झबरी कॅथेड्रलमध्ये १९८० साली त्यांनी आपले पुत्र जाक यांच्यासह 'विवेकासाठी बंदिवान झालेल्यांची खिडकी' बसवली. उंच, अरुंद अशा पाच काचपट्ट्यांची ही खिडकी आहे. मधल्या तीन पट्ट्यांत क्रुसावरील येशू आहे, पहिल्या शतकातील बंदिवान. दोन्ही कडांच्या पट्ट्यांत विसाव्या शतकातील बंदिवानांचे चेहरे आहेत. आपल्या मतासाठी, आपल्या श्रद्धेसाठी जगात कुठेही तुरुंगात पडलेला माणूस येशूच्या शेजारी उभा आहे, असे ती खिडकी एकही शब्द न बोलता सांगते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट चालू असताना, १९८२ साली, केप टाऊनच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये त्यांची खिडकी बसली. तिचा विषय अंधकार व दुष्टता यांवर ख्रिस्ताचा विजय हा होता.

जपानमधील हाकोने येथील खुल्या संग्रहालयात १९७५ सालचा त्यांचा अठरा मीटर उंच काचेचा मनोरा आहे. आतल्या गोल जिन्याने वर चढत जाताना चारी बाजूंनी रंग अंगावर पडतात. तेथे येणारे बहुतेक लोक ख्रिस्ती नसतात. पण प्रकाशात उभे राहिले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

आपल्याकडेही प्रकाश गाळून घेण्याची परंपरा आहे. गोव्यातील जुन्या चर्चच्या आणि घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, पारभासक चकत्या बसवत. त्यांतून आलेले ऊन दुधासारखे सौम्य होते. मुंबईला कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांनी केलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. कुलाब्याला गेलात तर जरूर पाहा. मुलांना आधी बाहेरून दाखवा, मग आत न्या.

८. लेव गावात

जगभर कामे पोचली तरी कार्यशाळा लेवलाच राहिली. लहान गावात राहून मोठे काम करता येत नाही, असे आपल्या तरुणांना हल्ली वाटते. ल्वार यांचे आयुष्य याला उत्तर आहे. काम बाहेर गेले, हात गावात राहिले.

आणि ते हात एकट्याचे नव्हते. आराखडा कलावंत काढतो, पण काच निवडणारा, फोडणारा, मांडणारा, काँक्रीट ओतणारा, मचाणावर चढून बसवणारा अशी किती तरी माणसे त्यामागे असतात. खिडकीवर त्यांची नावे नसतात. निर्गमाच्या पुस्तकात बसालेल या कारागिराची गोष्ट आहे. सोने, चांदी, पितळ, लाकूड, दगड यांचे काम करता यावे म्हणून देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे तेथे सांगितले आहे. पवित्र आत्मा संदेष्ट्यांना मिळतो हे आपण जाणतो. तो गवंड्याला, सुताराला, शिलाईचे काम करणाऱ्या बहिणीलाही मिळतो, हे मात्र आपण विसरतो.

गाब्रिएल ल्वार १९९६ साली, नाताळच्या दिवशी, ब्याण्णव वर्षांचे होऊन देवाघरी गेले. त्यांच्यामागे पुत्र जाक आणि पुढे नातू ब्रुनो व एर्वे यांनी कार्यशाळा चालवली. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली जगातील कलावंतांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि कलावंताचे काम हे देवाच्या निर्मितीकार्यातील सहभाग आहे असे त्यात समजावले. लेव गावातील ही कार्यशाळा त्या शिकवणीचे एक साधे उदाहरण आहे.

९. आपण काय घ्यावे

आपण काच आहोत. प्रकाश आपला नाही, म्हणून गर्व नको. रंग आपला आहे, म्हणून न्यूनगंड नको. आपल्या कडेला कुठे ना कुठे टवका उडालेला आहे. तो लपवण्यात आपली बरीच शक्ती जाते. पण दुःख भोगलेला माणूसच दुसऱ्या दुःखिताजवळ नीट बसू शकतो, हे आपण आपल्या शेजारीपाजारी पाहतो. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे आपला प्रकाश फक्त आपल्या माणसांसाठी नाही. शार्त्रचा निळा बर्लिनला गेला. आपल्या वाडीतील कोणते घर आपले बर्लिन आहे, याचा प्रत्येकाने मनाशी शोध घ्यावा. बांधाच्या, वाटपाच्या, जुन्या शब्दाच्या भांडणाने बंद झालेले एखादे दार असेलच.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा वाडीच्या प्रार्थनासभेत चर्चा करावी)

१. माझ्या घराला धरून ठेवणारी, पण मला नकोशी वाटणारी 'शिशाची रेषा' कोणती?
२. कोणाच्या दुःखाला मी घाईने 'देवाची इच्छा' म्हणून मोकळा झालो किंवा झाले आहे का? त्या व्यक्तीला आता प्रत्यक्ष कोणती मदत करता येईल?
३. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्याकडे या महिन्यात पहिले पाऊल कोण टाकेल?

प्रार्थना

हे प्रभो, तू प्रकाश आहेस आणि आम्ही काच. आमच्यावरची धूळ पूस. आम्ही जिथे तुटलो आहोत तिथे तुझा हात ठेव. ज्यांना दुसऱ्यांनी तोडले आहे त्यांना वेचून घेण्याचे काम आम्हांला शिकव. आमचा रंग कोणताही असो, त्यातून तूच दिसू दे, आणि ज्यांना आम्ही परके मानतो त्यांच्या अंगणातही तो पडू दे. आमेन.